‘संप्रेरक-निरपेक्ष’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले. वृषणे काढून टाकली किंवा औषधांनी संप्रेरक घटविले, की रोग ओसरतो. परंतु पसरलेला रोग पुढे बहुधा पुन्हा उलटतो. या उलटलेल्या रोगास वैद्यकीय ग्रंथांत दीर्घकाळ ‘अँड्रोजेन-इंडिपेंडंट’, म्हणजेच ‘संप्रेरक-निरपेक्ष’, असे म्हटले जात असे. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो या नावाचा.

रक्तातील संप्रेरक अत्यल्प असूनही रोग वाढतो, हे निरीक्षण होय. पेशीला संप्रेरकाची किंवा त्याला धरणाऱ्या रिसेप्टरची, म्हणजे ‘ग्राही’ची, गरज उरलेली नाही, हे अनुमान होय. ‘निरपेक्ष’ या एका विशेषणाने अनुमानाला निरीक्षणाचा दर्जा दिला.

ते अनुमान पुष्कळ अंशी चुकीचे ठरले. उलटलेल्या अनेक अर्बुदांत ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळतात. काहींत उत्परिवर्तनामुळे फ्लुटामाइडसारखे विरोधी औषधच ग्राहीला चेतना देऊ लागते; ते औषध थांबविल्याने काही रुग्णांना उतार पडतो, हे लक्षणीय आहे. शिवाय अर्बुद स्वतःही संप्रेरक निर्माण करू शकते. ॲबिराटेरोन आणि एन्झाल्युटामाइड ही अमेरिकेत अनुक्रमे २०११ व २०१२ साली मान्य झालेली औषधे याच मार्गावर आघात करतात. ज्यास निरपेक्ष म्हटले, ते बव्हंशी सापेक्षच होते.

आज रूढ असलेली ‘कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट’ ही संज्ञा रुग्णाच्या कानाला कठोर लागते, हे मान्य केले पाहिजे. तथापि कोणता उपाय केला आणि तो कोठे अपुरा पडला, एवढेच ती सांगते. शास्त्रीय संज्ञेचा हा संयम मोलाचा आहे.

याच न्यायाने मराठी ‘ग्राही’ही सदोष म्हणावा काय? ग्राहीच्या एआर-व्ही७ या रूपात संप्रेरक धरणारा भागच नसतो. काहीही ग्रहण न करता ते सतत कार्यरत राहते. व्युत्पत्ती येथे लटकी पडते खरी, परंतु संज्ञेचा अर्थ संकेताने ठरतो. ‘ग्राही’ हा शब्द संशोधकाची वाट अडवीत नाही. ‘निरपेक्ष’ तशी अडवू शकतो, कारण त्यात न तपासलेला निष्कर्ष दडलेला आहे. ग्राहीचा आधारच सोडून चेता-अंतःस्रावी रूप धारण करणारी काही अर्बुदे असतात. त्यांच्यापुरता तो शब्द राखून ठेवणे उचित होईल.