हिशेब कोणी कोणाला दाखवायचा?

इन्नंबूरच्या देवळात मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही. कुंभकोणमजवळचं हे लहानसं गाव. तिथल्या शिवाचं तमिळ नाव ‘एळुत्तरिनादर’, म्हणजे अक्षरं जाणणारा नाथ, संस्कृतात अक्षरपुरीश्वर. शाळेत घालण्याआधी लेकरांना इथे पाया पडायला आणतात. मी गेलो त्या सकाळी एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन गाभाऱ्यासमोर उभे होते, आणि पोराचं लक्ष देवापेक्षा माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे होतं. चित्र छान झालं असतं. पण पिशवीच्या चेनकडे हात गेला तशी गुरुक्कलांनी नुसती तर्जनी हलवली. मी मान डोलावली. विषय संपला.

बाहेर ओसरीवर येऊन बसलो, तेव्हा तो संपला नसल्याचं लक्षात आलं. मी बरीच वर्षं छायाचित्रांवर लिहितो, अधूनमधून स्वतःही काढतो. जे उघड्यावर घडतं ते टिपण्याचा हक्क नागरिकाला आहे, हे मी व्यासपीठांवरून सांगत आलो आहे. काही वर्षांपूर्वी एका शहरात सफाई कामगारांचं धरणं चालू होतं. तिथे एका हवालदाराने माझ्या कॅमेऱ्यातली अकरा छायाचित्रं माझ्याच बोटाने पुसायला लावली. तो अपमान अजून उतरलेला नाही. शब्द मात्र दोन्हीकडे तेच होते: फोटो नको. मग एका ठिकाणी मी मुकाट्याने मान डोलावली आणि दुसऱ्या ठिकाणी अजून धुमसतो आहे, ते का?

सोपं उत्तर हाताशी होतं. तिथे श्रद्धा, इथे सत्ता. तिथे संकोच, इथे दडपशाही. डिसेंबर २०२२मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने राज्यातल्या देवळांत मोबाइलबंदी अमलात आणायला सांगितलं, तेही देवळाचं पावित्र्य राखण्यासाठीच. पण हे सोपं उत्तर कुंभकोणममध्ये टिकत नाही. तमिळनाडूतल्या मूर्तिचोरीचे खटले ज्या न्यायालयात चालतात, ते कुंभकोणमलाच आहे. न्यूयॉर्कचा कलाविक्रेता सुभाष कपूर याला नोव्हेंबर २०२२मध्ये तिथेच दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा प्रकरणांत चोरी सिद्ध करायची तर एक गोष्ट लागते: मूर्ती देवळात असतानाचं छायाचित्र. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी १९५०च्या दशकापासून गावोगावच्या देवळांत जाऊन अशी छायाचित्रं काढून ठेवली होती. श्रीपुरंदनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. तो आपलाच, हे त्या संग्रहातल्या छायाचित्राशी ताडून दाखवता आलं, आणि २०१४मध्ये देव परत आला.

म्हणजे गाभाऱ्याजवळ कॅमेरा गेला म्हणून देव वाचला. जिथे तो गेलाच नाही, तिथल्या कित्येक मूर्तींचा माग आज लागत नसेल. पावित्र्य आणि कॅमेरा यांचं वैर आहे, असं मग कसं म्हणायचं? ती छायाचित्रं परवानगीने काढलेली होती, नोंद म्हणून काढलेली होती, आणि वर्षानुवर्षं संग्रहात शांत पडून होती. त्या सकाळी मी जे काढणार होतो, ते मला हवं होतं म्हणून काढणार होतो. तो आजोबा-नातवाचा खाजगी क्षण होता, आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं. फरक जागेत नव्हता, हेतूत होता. आणि हेतूपेक्षाही, त्या छायाचित्राने कोण कोणाला हिशेब देणार, यात होता.

हिशेब हा शब्द मला इन्नंबूरनेच दिला. इथली कथा अशी: सुदन्मन नावाचा देवळाचा कारकून होता. चोळ राजाने त्याच्याकडे जमाखर्च मागितला आणि दिलेल्या हिशेबावर संशय घेतला. बिचारा घाबरून गेला. तेव्हा शंकराने त्याचं रूप घेतलं आणि दरबारात जाऊन राजाला चोख हिशेब दाखवला. कथा गोड आहे, पण तिची दिशा पाहा. मागणारा राजा, थरथरणारा कारकून. नागरी स्वातंत्र्य म्हणजे ही दिशा उलटी करणं. प्रजेने मागायचं, दरबाराने दाखवायचं. आणि दाखवला नाही तर कोणीतरी कॅमेरा घेऊन दारात उभं राहायचं.

छायाचित्रणाची सुरुवात आपल्याकडे या उलट्या दिशेने झाली नाही, हेही मान्य करायला हवं. १८५५मध्ये तंजावरचे शेवटचे भोसले राजे वारले आणि कंपनीने राज्य गिळलं. तीन वर्षांनी, १८५८मध्ये, मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप याने बृहदीश्वराच्या विमानाभोवतीचे तमिळ शिलालेख एकाला एक जोडलेल्या छायाचित्रांतून टिपले. राजराजाने देवाला काय काय दिलं, याची ती दगडातली वही. हिशेबाचंच छायाचित्र म्हणा ना! काम अजोड आहे. पण ते नव्या धन्याने आपली मालमत्ता पाहून घेण्याचंही काम आहे. कॅमेरा जन्मतः लोकांच्या बाजूचा नसतो. त्याला तिकडे वळवावं लागतं.

वळवणाऱ्यांत आणीबाणीतले रघू राय आठवतात. ‘स्टेट्समन’साठी काढलेलं त्यांचं चांदणी चौकातलं एक चित्र प्रसिद्ध आहे: एक माणूस सायकल ढकलत चालला आहे, सायकलवर दोन मुलं, मागे बायको, आणि आजूबाजूला पोलीसच पोलीस. वरवर पाहिलं तर सारं सुरळीत. सेन्सॉर शब्द खोडू शकतो. पण साध्या रस्त्यात इतके पोलीस का, हा प्रश्न चित्रात कुठल्या ओळीवर लिहिला आहे, ते त्याला सापडत नाही. मला हे चित्र धाडसापेक्षा शहाणपणामुळे आवडतं. मात्र त्यावरून ‘बंदीमुळे कला बहरते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एक चित्र निसटलं म्हणून न निसटलेल्यांची संख्या कमी होत नाही. माझी अकरा गेली, आणि त्यांतून कोणतीही कला बहरली नाही.

कायद्याने या प्रश्नाला बऱ्यापैकी नेमकं उत्तर दिलं आहे, आणि तेही तमिळनाडूतल्याच एका प्रकरणात. ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाला फाशीच्या एका कैद्याचं आत्मचरित्र छापायचं होतं. त्यात अधिकाऱ्यांची नावं येणार, म्हणून तुरुंग प्रशासनाने ते अडवू पाहिलं. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एकाच निकालात सांगितल्या. माणसाचं खाजगी आयुष्य त्याच्या संमतीविना चव्हाट्यावर आणता येणार नाही. पण सरकारी अधिकाऱ्याला आपल्या कामाबद्दलचं लिखाण छापण्याआधीच रोखता येणार नाही. बदनामी झाली असेल तर नंतर दाद मागावी. माझ्या दोन ‘फोटो नको’मधला फरक यात बसतो. आजोबांचा क्षण त्यांचा होता. वर्दीतल्या माणसाचा कामावरचा क्षण एकट्या त्याचा नव्हता. पुरावा म्हणून काही जप्त करायचं तर त्याचे नियम आहेत. पुसून टाकायला लावणं हे मात्र हिशेबाची वही फाडणं आहे.

तरी अवघड जागा उरतातच. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधल्या एका शाळेला आग लागली आणि ९४ मुलं गेली. स्वयंपाकघरातला जाळ वर्गांवरच्या झावळ्यांच्या छपराला लागला होता. त्या दिवशीची छायाचित्रं देशभर छापली गेली. त्यांतली काही मी पुन्हा पाहू शकत नाही, आणि पाहू नयेत असंही मला वाटतं. भाजलेल्या लेकराचा चेहरा छापून वाचकाला काय कळतं? हळहळ वाटते, आणि हळहळ संध्याकाळपर्यंत विरते. छप्पर, अरुंद जिना, एका इमारतीत कोंबलेले वर्ग यांच्या चित्रांनी मात्र कोणालातरी उत्तर द्यावं लागतं. हे मी कायदा म्हणून सांगत नाही. असा कायदा केला तर उद्या तोच जिन्याचं चित्रही अडवेल. ही छायाचित्रकाराची स्वतःची शिस्त आहे, आणि ती बाहेरून लादता येत नाही, म्हणूनच तिच्याबद्दल समीक्षेने बोललं पाहिजे.

ही शिस्त कशी दिसते ते दोघांच्या कामात पाहता येतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढली. शहर ज्यांच्याकडे पाहतच नाही, ती माणसं त्यांनी समोर आणून उभी केली. या कामाला मी मानतो. तरी त्यातल्या काही चौकटींत काळ्या-पांढऱ्याचा मेळ इतका देखणा आहे की घाणीचा वास येईनासा होतो, ही माझी तक्रार जुनी आहे. तमिळनाडूचे एम. पळणी कुमार याच विषयावर काम करतात. ‘कक्कूस’ या २०१७च्या माहितीपटाचे ते छायालेखक. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तो गुन्हा चालू असल्याचं दाखवणाऱ्या चित्रपटाची प्रदर्शनं पोलिसांनी अडवली आणि दिग्दर्शिका दिव्या भारती यांच्यावरच गुन्हे दाखल झाले. गटारात माणूस मेला तर शांततेला धोका नाही. तो मेल्याचं दाखवलं की धोका!

पळणी कुमार यांचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र वेगळंच काम. सफाई कामगारांच्या मुलांना ते कॅमेरा चालवायला शिकवतात. छायाचित्रणाच्या स्वातंत्र्याबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा छायाचित्रकाराचं स्वातंत्र्य मनात असतं, समोरच्याचं नसतं. ज्याचं चित्र निघतं त्याच्याच हाती कॅमेरा गेला, की संमतीचा आणि हक्काचा प्रश्न एकाच घरात येतो. ओलव्यांच्या चौकटींबद्दलची माझी तक्रारही मला तिथे अपुरी वाटू लागते. घाण किती दाखवायची, हे ठरवणारा मी कोण?

दरम्यान राजाचा डोळाही थांबलेला नाही. १९२०चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन २०२२मध्ये नवा आला. बोटांचे ठसे, छायाचित्र, आता डोळ्यांतलं बुबुळही नोंदता येतं, आणि या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. माझी अकरा छायाचित्रं अकरा मिनिटंही ठेवता आली नाहीत. कोणाकडे कोणाचं चित्र किती काळ राहतं, हे मोजलं तरी कोणत्याही देशातल्या स्वातंत्र्याचा अंदाज येईल.

इन्नंबूरच्या ओसरीवरून उठलो तेव्हा ते आजोबा नातवाला घेऊन बाहेर आले होते. मी पिशवीकडे बोट दाखवून खुणेने विचारलं. त्यांनी नातवाकडे पाहिलं, नातवाने माझ्याकडे, आणि मग जोरात नकारार्थी मान हलवली. मी हसलो आणि हात जोडले. अजून अक्षर न गिरवलेल्या त्या पोराला ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि मला ते ऐकता येत होतं. त्या धरण्याच्या दिवशी हे ‘नाही’ मला म्हणता आलं नव्हतं. पुढच्या वेळी म्हणेन, असं मी स्वतःला बजावतो आहे.