यशोदेच्या श्रमांचे मोल

देवकीने जन्म द्यावा आणि यशोदेने वाढवावे, ही वाटणी आपल्या मनात बालपणापासून ठसलेली आहे. समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' (२०११) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटातील यशोदा मात्र दोन्ही भार उचलते. परदेशी मेरीसाठी ती मोबदला घेऊन गर्भ वाढविते. मूल सदोष निपजेल अशी शंका येताच मेरी पाठ फिरविते. आणि काही वर्षांनी तेच मूल मागावयास परत येते.

ही भीती केवळ काल्पनिक नाही. २००८ साली गुजरातेत आणंद येथे एका जपानी दांपत्यासाठी जन्मलेली मुलगी, ते दांपत्य तिच्या जन्मापूर्वीच विभक्त झाल्याने अधांतरी राहिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

उर्मिला कानेटकर यांनी साकारलेली यशोदा मनाला भिडते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमचा आक्षेप वेगळाच आहे. मेरी निघून जाताच मोबदल्याचा प्रश्न कथेतून जणू नाहीसा होतो आणि यशोदेची थोरवी तिच्या वात्सल्यावरच उभी राहते. ठरल्याप्रमाणे मूल सोपवून, मिळालेल्या पैशांतून स्वतःचा संसार सावरणारी स्त्री मग कमी प्रतीची ठरते काय? दिग्दर्शिका स्वतः वकील असल्याने हा प्रश्न त्यांच्याकडून अपेक्षित होता.

पुढे २०२१ च्या सरोगसी कायद्याने मेरीसारख्यांचा मार्ग बंद केला. व्यंग असले तरी मूल टाकता येणार नाही, असे कलम ७ सांगते. हे उचितच झाले. परंतु त्याच कायद्याने गर्भ वाहणाऱ्या स्त्रीला वैद्यकीय व तदनुषंगिक खर्च आणि विमा यांपलीकडे काहीही घेण्यास मनाई केली. दारिद्र्यामुळे देह भाड्याने देण्याची वेळ कोणावर येऊ नये, हा हेतू आम्हांस मान्य आहे. तथापि डॉक्टरांनी शुल्क घ्यावे, आम्हां वकिलांनीही घ्यावे आणि नऊ महिने जिवावर उदार होणाऱ्या स्त्रीने तेवढे निरपेक्ष राहावे, हा न्याय आमच्या पचनी पडत नाही.

चित्रपटाने यशोदेला आईपण दिले, कायद्याने तिला परोपकाराची पदवी दिली. तिच्या श्रमांचा हिशेब मात्र दोघांनीही मांडला नाही. तो मांडणाऱ्या कलाकृतीची आम्ही वाट पाहत आहोत.