ऋणनिर्देशाचे पान : एक समीक्षा

मराठी प्रबंधातील सर्वांत कमी वाचले जाणारे पान म्हणजे ऋणनिर्देशाचे. परीक्षक ते ओलांडून पहिल्या प्रकरणाकडे वळतात आणि ग्रंथालयात प्रबंध चाळणारा अभ्यासक थेट संदर्भसूची गाठतो. हे पान मन लावून वाचतात ती बहुधा त्यात आपले नाव शोधणारी मंडळी. वाङ्मयप्रकार म्हणून त्याची दखल समीक्षेने घ्यावी असे त्यात काही नाही, असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या पानाचा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता केला आहे. एका अध्यापकाने दुसऱ्यास केलेल्या साहाय्याची नोंद हे पान कोणत्या स्वरूपात करते, आणि त्या साहाय्याचे पुढे काय झाले हे साहाय्यकर्त्यास कधी कळते काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी जे विनियम केले, त्यांत मजकुराचे साम्य तपासताना संदर्भसूची, अनुक्रमणिका व प्रस्तावना यांबरोबर ऋणनिर्देशही वगळण्याची तरतूद आहे. तरतुदीमागील हेतू व्यावहारिक असून तो रास्तही आहे. परंतु तिचा एक गमतीचा परिणाम असा, की प्रबंधातील जी थोडी पाने दुसऱ्याची उतरवून घेतली तरी यंत्र आक्षेप घेत नाही, त्यांत हे एक पान येते. ‘शोधगंगा’ या संग्रहातील मराठी प्रबंध चाळले असता या सवलतीचा लाभ सढळपणे घेतला गेल्याचे जाणवते. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, सहचारिणी, टंकलेखक हा क्रम आणि ‘मोलाचे सहकार्य’, ‘वेळोवेळी मार्गदर्शन’ ही विशेषणे सहसा बदलत नाहीत.

या पानावरील सर्वांत प्रतिष्ठित वाक्य पुढीलप्रमाणे असते : यांचे आभार मानून ऋणमुक्त होण्यापेक्षा त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करतो. वाक्य विनयाचे आहे आणि प्रथम ज्याने लिहिले त्याला ते मनापासून सुचले असणार. तथापि त्याचा सरळ अर्थ लावला तर ऋणको येथे फेड न करण्याचा आपला निर्णय जाहीर करीत आहे, आणि तोही मोठ्या गौरवाने! व्यवहारात असे वाक्य कोणत्याही पतपेढीने ऐकून घेतले नसते.

भारतीय परंपरेतील ऋणाची कल्पना याहून कठोर होती. तैत्तिरीय संहितेत मनुष्य (तेथील शब्द ‘ब्राह्मण’ असा आहे) तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे म्हटले आहे. त्यांतील ऋषिऋणाची फेड स्तुतीने होत नाही; ती ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने होते. ज्यांच्याकडून विद्या आली त्यांचे देणे त्या विद्येचे पुढे काय केले यावरूनच फिटते. आपल्या ऋणनिर्देशात ‘ऋण’ हा शब्द उरला आहे, फेडीची अट मात्र गळून पडली आहे.

ही फेड विद्याव्यवहारात कशी होऊ शकते याचे एक ठळक उदाहरण पुण्यातीलच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले व ते १९६६ साली पूर्ण झाले. हे काम एका गावात बसून होण्याजोगे नव्हते. पाठ ताडून पाहण्याचे काम शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये व तंजावर येथेही चाले आणि तेथून पाठभेदांची पत्रके पुण्यास येत. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ साली प्रधान संपादकत्व स्वीकारले आणि १९३३ साली आदिपर्व पूर्ण केले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील एक जुनी पोथी त्यांच्यासमोर आली. आदिपर्व छापून झाले होते. एक आभाराचे पत्र पाठवून विषय संपवणे शक्य होते, आणि त्यात कोणालाही उणेपणा वाटला नसता. सुकथनकरांनी १९३८ साली मंदिराच्या नियतकालिकात आपल्या महाभारतविषयक लेखमालेतील सातवा दीर्घ लेख केवळ त्या पोथीवर लिहिला. आपण सिद्ध केलेल्या संहितेस ती कोठे दुजोरा देते आणि तिच्यातील पाठांचे मोल काय, याचा तो हिशेब आहे. पोथी देणाऱ्याला आपल्या देण्याचे काय झाले ते तर कळलेच. शिवाय आदिपर्वाच्या पुढील प्रत्येक अभ्यासकाला ते देणे उपलब्ध झाले.

हे उदाहरण फार मोठ्या माणसाचे आहे, अशी शंका येथे घेतली जाईल. पण आपल्या महाविद्यालयांतील नित्याचा व्यवहार रचनेने याहून निराळा नाही. तालुक्याच्या गावातील एक प्राध्यापक दुसऱ्या जिल्ह्यातील अपरिचित समव्यवसायीकडे एखाद्या बंद पडलेल्या मासिकाच्या अंकाची विचारणा करतो. तो अंक शोधला जातो, भ्रमणध्वनीवर पानांची छायाचित्रे काढली जातात, आणि ती त्याच दिवशी पोहोचतात. ‘धन्यवाद सर’ हे उत्तरही तत्काळ येते. त्यानंतर मौन. लेख उपयोगी पडला की नाही, एखादे पान अस्पष्ट होते काय, अंकाचे साल चुकीचे निघाले काय, हे पाठविणाऱ्यास कळत नाही. पूर्वी पोस्टाने प्रत मागवावी लागे तेव्हा पोच देणे ओघानेच येई. आता पोच क्षणात मिळते आणि तीच अखेरची ठरते. ते चुकीचे साल मात्र पुढच्या विचारणाऱ्याकडेही जाते, तेथून त्याच्या प्रबंधात जाते, आणि मग ते छापील पुराव्यासह बरोबर ठरते.

साहाय्य निरपेक्ष असावे, देणाऱ्याने हिशेब मागणे कोतेपणाचे, हा आक्षेप आदरणीय आहे. तो लागू मात्र पडत नाही. पुढील वार्ता कळविणे हा देणाऱ्याच्या समाधानाचा भाग नव्हे. शोधाचा निष्कर्ष, विशेषतः नकारार्थी निष्कर्ष, ज्याच्याकडून साधन आले त्याच्याकडे परत जाणे ही संशोधनपद्धतीचीच एक पायरी आहे. ‘अमुक यांनी सुचविलेला ग्रंथ पाहिला, त्यात अपेक्षित माहिती नव्हती’ असे वाक्य आपल्या ऋणनिर्देशात जवळजवळ सापडत नाही, कारण ते कृतघ्नपणाचे वाटते. वस्तुतः मोलाच्या सहकार्याच्या दहा वाक्यांपेक्षा हे एक वाक्य सुचविणाऱ्याचा अधिक मान राखते. त्याची सूचना कोणीतरी खरोखर तपासली, एवढे त्यातून सिद्ध होते.

प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाकडे, विभागाकडे व मार्गदर्शकाकडे जातात. पाने पाठविणाऱ्याकडे सहसा काही जात नाही. त्याला संपूर्ण प्रत धाडावी असेही नाही. ‘आपण दिलेली चार पाने दुसऱ्या प्रकरणात वापरली, मुखपृष्ठावरील साल व आतील साल जुळत नाही, आतील ग्राह्य धरले, लेखाचा उत्तरार्ध पुढील अंकात आहे, तो अन्यत्र मिळाला’ एवढा मजकूर पुरे. ग्रंथपालाने त्याची मुद्रित प्रत त्या अंकातच ठेवली, तर पुढे तो अंक मागणाऱ्याच्या हाती अंकाबरोबर तीही पडेल.