खाकी कव्हर घालून मोडतोड

भाचीला वाढदिवसाला केरी स्मिथचं ‘रेक धिस जर्नल’ मिळालं. २००७ साली आलेलं हे पुस्तक लिहिण्यापेक्षा नासधूस जास्त करायला लावतं: पानाला पेन्सिलीने भोकं पाडा, कॉफी सांडा, आंघोळीला सोबत न्या. भाचीने आधी त्याला खाकी कव्हर घातलं, लेबलावर नाव-इयत्ता लिहिली आणि मग विचारलं, “मावशी, कॉफीऐवजी चहा चालेल का?”

या पुस्तकाची सगळी अडचण तिच्या प्रश्नात आली. कोऱ्या पानाची धास्ती ते घालवतं, हे खरं. पण सूचना पाळून केलेला दंगा हा शेवटी गृहपाठच. त्याच्या यशानंतर दुकानांत जलरंगी फुलांच्या, ‘आजचा मूड’ रंगवायच्या चौकटींच्या डायऱ्यांची रांग लागली. त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कागद चांगला असतो. ‘६४२ थिंग्ज टू राइट अबाउट’ त्यांच्यापेक्षा हुशार आहे. विषय चमकदार आहेत, पण इतके की एकावर थांबावंसंच वाटत नाही. बुफेत ताट भरून घ्यावं आणि जेवण राहून जावं, तसं होतं.

चित्र लिहायला कसं लावतं, हे पाहायचं तर मागे, १९८४ मध्ये जावं लागतं. ख्रिस व्हॅन ऑल्सबर्गच्या ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’मध्ये चौदा कृष्णधवल चित्रं आहेत. प्रत्येकाला एक शीर्षक आणि एखादी ओळ. बतावणी अशी की बर्डिक नावाचा माणूस ही चित्रं प्रकाशकाकडे ठेवून गेला, गोष्टी उद्या आणतो म्हणाला आणि परत आलाच नाही. एका चित्रात नीटनेटका दिवाणखाना, गालिचाखाली फुगवटा, आणि एक गृहस्थ डोक्यावर खुर्ची उगारून उभे. बस. लिहा, असं कुठेही म्हटलेलं नाही. पण खुर्ची हवेतच आहे. ती कुणीतरी खाली आणायला हवी. २०११ मध्ये स्टीफन किंगसारख्या लेखकांच्या गोष्टींसह हीच चित्रं पुन्हा आली. गोष्टी वाचनीय आहेत. तरी कुणीतरी कोडं सोडवून वही परत दिल्यासारखं मला वाटलं.

लिंडा बॅरी चित्राकडे दुसऱ्या बाजूने येते. तिच्या ‘व्हॉट इट इज’मध्ये (२००८) पिवळ्या रेघी कागदावर कात्रणं, चित्रं, हस्ताक्षर यांची दाटी आहे, इतकी की पहिल्यांदा डोळे गांगरतात. पण तिचा स्वाध्याय साधा आहे. लहानपणीच्या दहा गाड्या आठवा, एक निवडा, तिच्यापाशी उभे राहा. उजेड कसला आहे? डावीकडे काय, मागे काय, पायाखाली काय? माझ्या वाट्याला मामाची लॅम्ब्रेटा आली, आणि तिच्याखाली सांडलेल्या ऑइलचा डाग, जो मला आठवतो हेच मला माहीत नव्हतं. ती कल्पना लढवायला सांगत नाही, बघायला लावते. आजवर मी चाळलेल्या अशा पुस्तकांत हेच सर्वांत उपयोगी.

आपल्याकडे ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. पण त्या मुद्द्यांत गोष्ट आधीच संपलेली असते. मुलाने फक्त क्रियापदं भरायची आणि खाली तात्पर्य. या सवयीवर उतारा म्हणजे माधुरी पुरंदरे यांचं काम. ‘वाचू आनंदे’मध्ये उताऱ्यांच्या जोडीला उत्तम चित्रकारांची चित्रं आहेत, आणि ‘लिहावे नेटके’च्या तीन भागांत भाषा खेळत खेळत हाताळायला मिळते. त्यांचा भर मात्र नावाप्रमाणेच नेटकेपणावर. मुलासमोर एक चित्र ठेवून स्वतः गप्प बसणारं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात क्वचितच आलं.

भाचीला मी खुर्ची उगारलेलं ते चित्र दाखवलं. गालिचाखाली काय आहे, ते तिने अजून लिहिलेलं नाही. खुर्ची मात्र आजोबांची आहे, आणि ती मोडली तर आजी काय म्हणेल यावरच दीड पान खर्ची पडलं आहे.