दारावरचं वाङ्मय

आपल्याकडे समीक्षा कशाची होत नाही? कादंबरीची होते, नाटकाची होते, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची होते आणि लग्नघरातून बाहेर पडल्यावर मठ्ठ्याची तर हटकून होते. पण जे वाङ्मय कोट्यवधी माणसं रोज सकाळी डोळे बारीक करून वाचतात, वाचून कपाळाला हात लावतात आणि प्रसंगी ज्याच्यापायी घरात अबोला धरतात, त्याच्याकडे एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. मी संगणकाच्या दारावरच्या वाङ्मयाबद्दल बोलतो आहे. आत सोडण्यापूर्वी, आणि विशेषतः आत न सोडताना, संगणक पडद्यावर जी दोन-चार वाक्यं लिहून दाखवतो, त्यांच्याबद्दल. साहित्याचे प्राध्यापक त्यांना हात लावत नाहीत, कारण त्यांखाली लेखकाचं नाव नसतं. संगणकवाले लावत नाहीत, कारण ते ती वाचतच नाहीत; वाचण्यापूर्वीच 'ओके' दाबतात. राहता राहिलो आम्ही बँकेतले कारकून. आणि ह्या विषयात आमचा अधिकार मोठा आहे. 'सही जुळत नाही' ही तीन शब्दांची रचना आम्ही काउंटरवरून किती वर्षं सादर करत आलो आहोत!

ह्या वाङ्मयाला अलीकडे अचानक वाचक मिळाले, त्याला एक निमित्त घडलं. 'विंडोज १०' ह्या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. मग आमच्या माणिकपुरात घरोघरचे संगणक, भांड्यांना कल्हई लावावी तसे, खरवडून नवी प्रणाली घालून परत येऊ लागले. यंत्र चकचकीत. आणि मालक दारात उभा.

सुरुवातीची नांदी फार गोड असते, हे कबूल केलं पाहिजे. नवी प्रणाली पहिल्यांदा जागी होते तेव्हा पडदा 'नमस्कार' म्हणतो, मग 'तुमच्यासाठी सगळं तयार करतो आहोत' म्हणतो, मग 'जरा वेळ लागेल, यंत्र बंद करू नका' म्हणतो. वधूपक्षाने व्याह्यांना इतक्या अदबीने वागवल्याचं मी फक्त साखरपुड्यापर्यंतच पाहिलं आहे. इथेही तसंच आहे. नांदी संपली की पडद्याचा सूर पालटतो आणि तो परवलीचा शब्द विचारतो.

इथे नाट्य असं की, घरातल्या माणसाला परवलीचा शब्द ठाऊकच नसतो. त्याला ठाऊक असतो चार आकडी पिन. चार वर्षं तोच दाबून तो आत जात आलेला असतो. पण पिन ही गोष्ट त्या एका यंत्रापुरती आणि त्या एका बैठकीपुरती असते. प्रणाली नव्याने घातली की जुना पिन, मोडलेल्या कुलपाच्या किल्लीसारखा, नुसता हातात राहतो. खात्याचा मूळ पासवर्ड मात्र कंपनीच्या दप्तरी जसाच्या तसा असतो. तो विसरला असेल तर सुटकेचा आकडा मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल नंबर कन्या नोकरीला लागण्यापूर्वीचा असतो. हा सगळा कार्यकारणभाव पडद्यावर एका ओळीत मावला असता. 'तुमचा जुना पिन आता चालणार नाही, खात्याचा पासवर्ड लागेल आणि तो वेगळा असतो', बस्स! पण आमचा हा अनामिक लेखक अल्पाक्षरी. तो लिहितो, 'चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

माझ्या मते ही ह्या वाङ्मयातली सर्वांत सदोष ओळ आहे. पुन्हा म्हणजे कसा प्रयत्न करा? तोच जोरात करा? आमच्या सोसायटीत बहुतेकांनी तो जोरातच केला. वास्तविक पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. कॅप्स लॉकचा दिवा लागलेला आहे का? कळफलकाची मांडणी नव्याने घालताना बदलली आहे का? (ब्रिटिश मांडणी निवडली गेली तर 'अ‍ॅट'चं चिन्ह आणि दुहेरी अवतरण एकमेकांच्या जागा घेतात आणि माणूस अक्षरन् अक्षर बरोबर दाबूनही चुकतो.) आणि पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून आपण काय लिहिलं हे निदान वाचून तरी पाहावं.

दुसरीकडे एक शब्द मात्र मला फार आवडतो, तो म्हणजे 'किंवा'. बऱ्याच ठिकाणी पडदा सांगतो की, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. दोहोंपैकी नेमकं काय, ते सांगत नाही. लोक ह्यावर चिडतात. पण हा 'किंवा' मुद्दाम पेरलेला असतो. 'नाव बरोबर आहे, पासवर्ड तेवढा चुकला' असं सांगितलं, तर चोराचं अर्धं काम झालं! इतका मितभाषी आणि इतका कामसू 'किंवा' मी मराठी गद्यात फारसा पाहिलेला नाही. आमच्या फॉर्मांवरही 'किंवा' असतो, पण तो छापखान्याने टाकलेला.

ह्या वाङ्मयाची परंपराही लहानसहान नाही. अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेत १९६१ साली एका संगणकावर अनेकांना पाळीपाळीने काम करता यावं अशी व्यवस्था सुरू झाली. तिचे प्रमुख फर्नांडो कोर्बातो. प्रत्येकाची कामं निराळी राहावीत म्हणून तिथे पासवर्ड आले. पुढे एकदा गंमत झाली. आत शिरणाऱ्याला रोजची सूचना दाखवण्याची जी फाइल होती, तिची आणि पासवर्डांच्या फाइलीची अदलाबदल झाली, आणि जो आत येईल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड ओळीने छापून येऊ लागले. दारावरच्या वाङ्मयात एवढा स्पष्टवक्तेपणा त्यानंतर झालेला नाही.

आता मुख्य ओळीकडे येतो. माणूस कसाबसा आत जातो, जुन्या फोल्डरवर बोट ठेवतो आणि पडदा म्हणतो, 'सध्या तुम्हाला हे फोल्डर उघडण्याची परवानगी नाही.'

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या पत्नीने जाण्यापूर्वी लग्नातली सामवेदी गाणी म्हणून ठेवली होती. आमच्या वसईकडची ही बोली. ती गाणी पूर्ण येणाऱ्या बायका आता मोजक्याच. मास्तरांनी ती संगणकावर घेऊन ठेवली होती, आणि दुसरीकडे प्रत नव्हती. भाच्याने येऊन नवी प्रणाली घातली, जुनं सगळं एका फोल्डरात सरकवलं आणि मास्तरांना न सांगता तो पुण्याला निघून गेला. असलं जुन्या प्रणालीचं फोल्डर काही दिवसांनी आपोआप साफ होतं, हे त्याने सांगितलंच नाही. मास्तर मला म्हणाले, "अहो, नाव माझं, यंत्र माझं, बायको माझी. परवानगी कुणाची मागू?"

प्रश्न रास्त होता. उत्तर असं की, संगणक नावाने ओळखत नाही. प्रत्येक वापरणाऱ्याला तो आतल्या आत एक लांबलचक क्रमांक देतो आणि फाइलीच्या सातबाऱ्यावर तोच चढवतो. नवी प्रणाली आली की नाव तेच घाला, पासवर्ड तोच घाला, क्रमांक नवा पडतो. मग जुन्या फाइलींच्या लेखी मास्तर हे मास्तरांचे नामबंधू ठरतात.

माणिकपूरकरांना हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आम्ही राहत होतो नवघर-माणिकपूर नगरपरिषदेत. ३ जुलै २००९ रोजी आम्ही जागचे न हलता वसई-विरार महानगरपालिकेत गेलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी, पुन्हा जागचे न हलता, ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो. घर तेच, नळ तोच, नळाला पाणी नसणंही तेच. पण एका कागदावर जिल्हा ठाणे आणि दुसऱ्यावर पालघर. दोन्ही कागद समोर धरून 'हे तुम्हीच कशावरून?' असं विचारण्यात आमच्या पेशाची हयात गेली. तेव्हा यंत्राचं अडवणं मला गैर वाटत नाही. नावावर विश्वासून दार उघडलं, तर कुणीही मास्तरांचं नाव लावून आत शिरेल. मला गैर वाटते ती भाषा.

कारण त्याच चौकटीत खाली उपायही असतो. 'कायमची परवानगी मिळवण्यासाठी पुढे चला', अशा अर्थाचं बटण. यंत्राचे प्रमुख अधिकार असलेल्याने ते दाबलं की काम होतं. पण मास्तरांनी तीन दिवस ते दाबलं नव्हतं. का? तर 'कायमची' ह्या शब्दाला ते भ्याले. चाळीस वर्षं सरकारी परिपत्रकं वाचलेल्या माणसाला 'कायमचं' म्हटलं की बंद होणंच आठवतं. गाणी कायमची जातील म्हणून ते रोज फोल्डरपाशी जायचे आणि 'रद्द करा' दाबून परत यायचे. तिकडे साफसफाईचा दिवस जवळ येत होता.

आम्ही दोघांनी मिळून 'पुढे चला' दाबलं. हिरवी पट्टी रेंगाळत पुढे सरकली. गाणी लागली. मास्तर काही बोलले नाहीत. खुर्ची सरकवून ऐकत बसले, आणि मी उगाच कळफलकावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी समीक्षकाचं कर्तव्य म्हणून मी त्या ओळीचा सुधारित मसुदा करून मास्तरांना दाखवला. 'ही फाइल तुमच्याच नावाच्या जुन्या वापरकर्त्याची आहे. प्रणाली बदलल्यामुळे तुमचा क्रमांक बदलला. घाबरू नका, काही पुसलं जाणार नाही. तुम्हीच मालक असाल तर पुढे चला, आणि आत गेल्यावर आधी दुसरीकडे एक प्रत करून ठेवा.'

मास्तरांनी लाल पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, मसुदा परत दिला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण एवढं सगळं वाचत कोण बसणार?"