यवनांचा इतिहास व त्याचीं साधनें
ग्रीकविद्येस वाहिलेलें हार्वर्ड विद्यापीठाचें केंद्र वॉशिंग्टन येथें आहे. तेथील ग्रंथसंग्रह स्तुत्यच होय. मात्र केवळ ग्रीक ग्रंथांवर भिस्त ठेवल्यास यवनांचा इतिहास अपुराच राहणार, असें आम्हांस वाटतें. नाशिकच्या १७व्या लेण्यांतील लेख पाहावा. दाता इंद्राग्निदत्त स्वतःस उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक म्हणवितो. नांवांत वैदिक देवता, बापाचें नांव धर्मदेव, भाषा प्राकृत, आणि दान भिक्षुसंघास! कार्ल्याच्या स्तंभांवरही धेनुकाकटचे यवन देशी नांवांनीं नोंदलेले आढळतात. हे ग्रीक नगरींचे भारतीय नागरिक असावेत, हा टार्न यांचा १९३८ सालचा तर्क चतुर खरा. परंतु नागरिकत्वाविषयीं एक अक्षरही या लेखांत नाहीं. 'यवन' शब्दानें वंश अभिप्रेत होता कीं देश, हें ठरविण्यास प्रथम या लेखांचे निर्दोष ठसे समोर हवेत.