घर्षण नेहमी खलनायकच का?

एक बाई मोठं खोकं जमिनीवरून ढकलतेय. खोक्याचा वेग कायम आहे. तिचं बल एकूण विरोधापेक्षा जास्त, की तेवढंच? 'जास्त, नाहीतर खोकं सरकेल कसं?' असं वाटलं असेल, तर तुम्ही एकटे नाही. बरोबर उत्तर: तेवढंच. जास्त असतं, तर वेग वाढत गेला असता.

हा प्रश्न हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांच्या १९९२ च्या 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' या चाचणीतला. तिची खरी ताकद चुकीच्या पर्यायांत आहे. ते विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या समजुतींवर बेतलेत, म्हणून सूत्रं पाठ असलेलेही इथे अडकतात. १९९८ मध्ये हेक यांनी ६५४२ विद्यार्थ्यांचे निकाल पाहिले. पारंपरिक वर्गांनी सुरुवातीला हुकलेल्या गुणांपैकी सरासरी २३ टक्केच पुढे कमावले. चर्चा-कृतींवर भर देणाऱ्या वर्गांनी ४८.

माझी तक्रार वेगळी आहे. या चाचणीत घर्षण येतं ते विरोध करायलाच. पण चालताना तुमचा पाय जमिनीला मागे रेटतो आणि घर्षण तुम्हाला पुढे नेतं. हे ती विचारतच नाही. म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळवूनही 'घर्षण गतीला विरोध करतं' हे अर्धवट वाक्य डोक्यात शाबूत राहू शकतं. घर्षणाचा विरोध असतो तो दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला.

तुम्ही शिकवत असाल तर ही चाचणी जरूर घ्या. फक्त एक प्रश्न पदरचा जोडा: चालणाऱ्या माणसाच्या पायावर घर्षणाचा बाण कुठल्या दिशेला काढाल?